एकाच चामड्याचे दोन पट्टे

१२ नोव्हेंबर १९९८

डोळा लागला की पोलीस ठाण्यातलं ते टेबल दिसते. टेबलावर चिखलात वाळलेला पट्टा, अन् साहेब विचारून राह्यले, "पहचानते हो?"

पावसाळ्यात उकव्याच्या जंगलात नाल्यात माणूस सापडला होता, त्याच्या कमरेचा पट्टा. चेहरा काही राह्यलाच नव्हता. मी पट्टा उलटवला, टाके पाह्यले, म्हटलं — हौ, माझ्याच हातचा. माझ्या भावाचा, विवेकदादाचा! तो उकव्याच्याच खाणीत काम शोधाले गेलता, परत आलाच नाही.

चितेले आग मीच दिली. तवापासून दुकानात आरी हातात घेतली की मांगून कोणी तरी पाहून राह्यलं असं वाटते. वळलं तर कोणी नसते.

१४ नोव्हेंबर

आज चामडं कापता कापता हातच थांबला. अरे, त्या चामड्यातून मी दोन पट्टे काढले होते! एक दादाले दिला. दुसरा उन्हाळ्यात बैहरच्या बाजारात एका खाणवाल्याले विकला. नावगाव काही विचारलं नाही. तोच नमुना, तेच बक्कल, तोच दोरा. तिसरा कधी केलाच नाही.

ठाण्यात मी माझा टाका ओळखला. कंबर कोणाची, हे कुठं पाह्यलं? आपलं काम दिसलं की बस, बाकी काही दिसतच नाही, बैलोबा कुठला!

म्हणजे दादा —

१५ नोव्हेंबर

वहिनीले सांगू का नको?

१६ नोव्हेंबर

सांगतलं.

संध्यावहिनी तांदूळ निवडत होती. "भाऊजी, काहून असं बोलून राह्यले?" मग सूप बाजूले ठेवलं. "मग ते कुठं आहेत?" मले काय माहीत! कुठं तरी असंल, म्हटलं, येईल. तर ती हासली. पावसाळ्यापासून हासली नव्हती. मले आनंद व्हाले पाह्यजे होता, पण भेव वाटलं.

१९ नोव्हेंबर

दादासाठी नवा पट्टा घेतला कराले. आला की देईन. यावेळी असा नमुना, की तसा दुसरा निघणारच नाही! कागदावर धानाच्या लोंब्या काढल्या, एक उजवीकडं झुकलेली, एक डावीकडं. चामडं ओलं करून बोथट आरीनं त्या उमटवल्या. एक लोंबी वाकडी झाली, राहू दिली. बक्कलकडचं टोक रापीनं तासून पातळ केलं. उरलेल्या चामड्याचे बारीक तुकडे करून फेकले. कोणाले काही करताच येऊ नये.

२२ नोव्हेंबर

शिवण. दोन सुया, मेण लावलेला एकच दोरा. एकाच भोकातून एक सुई इकडून, एक तिकडून. आज तिकडची सुई आपसूकच येऊन राह्यली होती. मी ओढलीच नाही, सांगतो! "वसंता, हात आखड, दोरा तुटंल." दादाचाच आवाज. तो असंच बोलायचा. जित्या माणसाचा आवाज असा ऐकू येते का? येत असंल. मी ऐकत बसलो.

वहिनी डबा घेऊन आली. हातात नव्या बांगड्या. पट्ट्यावरून बोटं फिरवली, म्हणाली, "आले की मीच बांधून देईन."

२३ नोव्हेंबर

कडा घासल्या, तेल दिलं. चांगला झाला. लयच चांगला.

२५ नोव्हेंबर

सकाळी एक गिऱ्हाईक आलं. चांगला धडधाकट माणूस. "पहचाना क्या भैया? उकव्याचा शालिकराम. बैहरच्या बाजारात तुमच्याचकडून हा पट्टा नेलता." अन् त्यानं शर्ट वर केला. "पोट सुटलं हो! एक भोक वाढवून द्या."

माझाच टाका. दोनदा पाह्यला. भोक पाडून दिलं. तो हासत गेला.

वहिनी बसस्टँडवर गेली आहे. आठ दिवस झाले, रोज जाते. उकव्याची गाडी अजून यायची आहे.