रिकाम्या मक्केचा इतिहास

मक्का, जियाद मोहल्ला
ज़ुल्हिज्जाची अकरावी तारीख

जेद्द्याचे नामवंत कापडव्यापारी आणि माझ्या पत्नीचे धाकटे बंधू जमीलभाई यांना अब्दुस्समदचा मनापासून सलाम.

अल्लाहच्या कृपेने तुमचा दमा आटोक्यात असेल, मुलंबाळं खुशाल असतील आणि बंदरावरची दमट हवा तुमच्या मलमलीच्या ठाणांना सोसत असेल. मी सुखरूप आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमच्या भगिनी खैरिया मात्र खरोखरच सुखरूप आहेत. इतक्या सुखरूप मी त्यांना लग्नाच्या एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमचं घराणं सात पिढ्या जावाच्या हाजींना वाट दाखवत आलं आहे, आणि या सेवेचा व शहराचा समग्र इतिहास मी गेली अकरा वर्षं लिहितो आहे. (तुम्ही पहिला खंड वाचलात असं कळवलं होतंत. त्यात मुद्दाम उलटं लावलेलं पान तुम्ही दाखवलं नाहीत, पण असो.) शेवटचं प्रकरण राहिलं होतं: नवव्या तारखेला, सारे हाजी अराफातच्या मैदानात जमतात त्या दिवशी, मक्का कशी दिसते. ते आजवर कुणी लिहिलेलं नाही, कारण त्या दिवशी इथला धडधाकट पुरुष हाजींबरोबर मैदानात असतो. आमच्यासारख्या घरातला पुरुष त्या दिवशी घरी सापडला, तर त्याने पुढे मोहल्ल्यात तोंड दाखवू नये. म्हणून मी आजारी पडलो. माझी पाठ धरली. थोरले बंधू तल्हा माझ्याकडे संशयाने बघत चारशे हाजी एकटेच घेऊन गेले. खैरियाने दुखऱ्या पाठीवर डाग द्यायची सळई चुलीत घातली, तेव्हा मात्र पाठीला जरा उतार पडला.

नवव्या तारखेला दुपारची नमाज झाली आणि खैरिया "शेजारी जाऊन येते" म्हणून गेली. (जाताना तिच्या काखेत माझाच फेटा आणि जुब्बा होता. रफू करायला नेत असेल, असं मी समजलो.) मी जाळीच्या खिडकीत बसून लिहिलं: 'आज शहर रिकामं आहे. माणूस म्हणून दृष्टीस पडत नाही.' तेवढ्यात खाली ढोल वाजला. मी वाक्य पूर्ण केलं. मग हशा ऐकू आला, तो मी वाऱ्याच्या नावावर नोंदवला. पण पाठोपाठ दुधात शिजणाऱ्या भाताचा आणि मटणाचा वास आला, आणि सकाळपासून पोटात काही नसल्यामुळे त्याला वारा म्हणणं मला जमेना.

पुरुष म्हणून बाहेर पडणं शक्य नव्हतं. मी खैरियाचा काळा बुरखा चढवला आणि एक ताटली घेऊन गल्लीत उतरलो. जमीलभाई, गल्लीत एकही बाई नव्हती. मिशा रंगवलेला फौजदार होता, उंटवाले होते, मधोमध कापसाची दाढी लावलेले काझी बसले होते. आमच्या बायका या दिवशी पुरुषांचे कपडे घालून शहर ताब्यात घेतात, असं लहानपणी ऐकलं होतं. पण पाहिलेला पुरुष कुणी भेटला नव्हता, म्हणून इतिहासात मी ते घेतलं नाही. आता अख्ख्या मोहल्ल्यात बाई म्हणून मी एकटाच उभा होतो.

तरीही निभावलं असतं. सगळे माझ्या जुब्ब्यातल्या एका गृहस्थाचं भाषण ऐकत होते. ते गृहस्थ माझ्यासारखे खाकरत होते, माझ्यासारखं बोट नाचवत होते. "आमचे पणजोबा," ते सांगत होते, "महापुरात पडले, आणि बारा हाजींनी त्यांची दाढी धरून त्यांना बाहेर काढलं!"

माझ्याच्याने राहवलं नाही. "खोटं आहे! पणजोबांनी बारा हाजींना काढलं!"

काझींनी माझ्या तोंडावरचा पडदा उचलला. दाढीमागे सअदियामावशी होत्या, माझ्या आईचं बाळंतपण केलेल्या सुईणबाई. "अगं बाई, समद! जन्मलास तेव्हाही असाच किंचाळला होतास. सगळी दुनिया अराफातला आणि तू इथे ताटली घेऊन?"

"पाठ धरली आहे," मी म्हणालो.

"मग मोकळी करू या," त्या म्हणाल्या, आणि निवाडा झाला. मी भाताचं ते मोठं पातेलं सात घरी फिरवलं. तीन मजल्यांपर्यंत. नंतर घासलंही. खैरिया माझा फेटा मागे सरकवून हसत होती, आणि खरं सांगतो, ते हसू मी एकोणीस वर्षांत ऐकलेलं नाही याची मला फार लाज वाटली. पुरुष परत येतील तेव्हा कुणीही ब्र काढणार नाही, असं मावशींनी कबूल केलं आहे. अट एकच: मी काही पाहिलेलं नाही.

तुमचा नम्र,
अब्दुस्समद

ता. क. हे सगळं केवळ करमणुकीसाठी लिहिलं. खरं काम असं, की तल्हादादा हाजींना पोहोचवायला बंदरावर येतील. तेव्हा माझी पाठ रमज़ानपासूनच धरली होती, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढं त्यांना सांगा. माझी अब्रू तुमच्या हाती आहे.

ता. क. २. शेवटचं प्रकरण सोबत आहे. कैरोच्या छापखान्याकडे रवाना करावं. 'आज शहर रिकामं आहे' हे वाक्य मी खोडलं आहे. अकरा वर्षांत जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नाही. त्या जागी 'या दिवसाबद्दल लेखकाला माहिती नाही' असं घातलं आहे.

ता. क. ३. जमील, तुझ्या मेहुण्याने पत्र वाचून दाखवलं नाही, म्हणून मीच उघडलं. त्यांनी खोडलेलं वाक्य मी पुन्हा लिहिलं आहे, अक्षर त्यांच्यासारखंच काढलंय. तसंच छापून घे. 'माहिती नाही' म्हटलं की पुढच्या वर्षी कुणीतरी माहिती काढायला मागे राहील. 'रिकामं' म्हटलं की कुणी राहणार नाही. पाठीची साक्ष खुशाल दे. पातेल्यानंतर ती खरंच धरली आहे, आणि सळई चुलीत तापते आहे. — खैरिया