सृष्टीचं अर्धं ताट

१२ जानेवारी, सोमवार

सृष्टीचं वजन परत कमी. साडेसोळा किलो. सात वर्षांची आहे ती! डॉक्टर राउंडला म्हणाले, पुढच्या सोमवारपर्यंत वाढलं नाही तर हीही किमो पुढे ढकलू. आधीची एक ढकललेलीच आहे.

आणि मी काय केलं? गेल्या आठवड्यात आमच्या कॅन्सर वॉर्डच्या भिंतीवर स्टार चार्ट लावला. ताट रिकामं केलं की एक स्टार. व्हॉलंटियर होऊन तीन आठवडे झालेत आणि मला सगळं कळतं. बाकी मुलांचे आठ-आठ, दहा-दहा स्टार. सृष्टीचा एकही नाही. रोज अर्धी पोळी, अर्धा भात तसाच. ‘पोट भरलं, ताई.’

१३ जानेवारी

आज पाहिलं. सृष्टीने ताट सरकवलं आणि तिची आई, कौशल्याताई, भिंतीकडे तोंड करून ते जेवली.

धावत डाएटिशियनकडे गेले. तेजस्विनी मॅमना म्हटलं, आईच खातेय तिचं जेवण.

‘फोटो नाही ना काढलास? उपकार झाले,’ मॅम म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, ‘दिवसभरात ती आई दुसरं काय खाते, ते पाहिलंस?’

नव्हतं पाहिलं.

१४ जानेवारी

हॉस्पिटलमधून ताट एकच येतं, पेशंटचं. खडकीत खोली आहे त्यांची, पण घरी स्वयंपाक करायला कोणी नाही. बाबा साइटवर वॉचमन, तिथेच राहतात. वाशिमकडचे आहेत हे लोक, इथे नातेवाईक नाहीत.

कौशल्याताईंना विचारलं, जेवलात? ‘जेवले न.’ कुठे? ‘इथंच.’

संपलं.

१५ जानेवारी

आई औषधाच्या लाइनमध्ये होती. मी सृष्टीला म्हटलं, आज सगळं संपव ना, मोठा स्टार देते.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच लहान आहे.

‘मी सगळं खाल्लं तं आईले काय राहीन?’

म्हटलं, आईला विचारून अर्धं अर्धं करा ना.

‘विचारलं न. भूक नाही म्हणते. टाकलेलंच खाते. वाया जाऊ देत नाही ती.’

म्हणून रोज बरोबर अर्धं टाकते. भूक लागलेली असताना. आणि मी समोर स्टिकर धरून उभी.

चार्ट काढला. सेलोटेपबरोबर भिंतीचा रंगही निघाला. सिस्टर ओरडल्या. ओरडू देत.

१६ जानेवारी

मॅम किचनशी भांडून दुसरं ताट घेऊन आल्या. कौशल्याताईंनी हात लावला नाही. ‘पोरीचं औषध फुकट करून रायले तुम्ही. अजून माहं जेवण कायले?’

मी लगेच समजावायला गेले. मॅमनी मला बाजूला केलं, सृष्टीची फाइल उघडली, किमोच्या औषधांखाली लिहिलं: आईचे जेवण, दोन वेळा.

‘अहो, आता हे ट्रीटमेंटमध्ये आलं. नाही घेतलंत तर डॉक्टर मला विचारणार. माझी नोकरी घालवायची आहे का तुम्हाला?’

कौशल्याताई लिहिलेलं बघत बसल्या. मग सृष्टीला म्हणाल्या, ‘खाय.’ आणि स्वतःचं ताट ओढलं.

दोघी एकमेकींच्या ताटात बघत जेवल्या. भात उरला नाही, कोणाचाच.

१८ जानेवारी

सृष्टीने दुपारी आणखी वरण मागितलं. मागितलं!

१९ जानेवारी, सोमवार

सोळा किलो नऊशे!! अकरा वाजता किमो सुरू. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग कँटीनमध्ये दोन वडापाव खाल्ले. किती दिवसांनी नीट भूक लागली.

२० जानेवारी

बाकीच्या नऊ आयांना आज विचारलं, तुम्ही कधी जेवता?

सहा जणी म्हणाल्या, ‘पोराचं झालं की.’

मॅमना सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘फाइली आण. सगळ्या.’