मर्यादेखालून सुटलेला स्फोट

इंझोरी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सपनाले बाबाचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

फोनवर तुझी आई मधातच रडते, म्हणून पत्र लिहून राह्यलो. पेपरात आलं की लई दूरच्या ताऱ्याचा स्फोट उपग्रहानं टिपला. गामा किरणांचं काम तुझंच, म्हणून मी विहारात सांगून टाकलं की यंत्र आपल्या सपनाचं. सरपंच रामरावनं १६ तारखेले, रविवारी, सत्कार ठेवला. बॅनरवर फोटो दहावीचा हाये, त्यात तू रागावलेली दिसतं. आई म्हणे, शास्त्रज्ञ असेच दिसतात. लोभ हायेच; तू फक्त ये.

तुझा बाबा, ग्यानबा

बंगलोर, ८ फेब्रुवारी

ति. बाबा व आईस सपनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सत्कार थांबवा. तो स्फोट दुसऱ्या देशाच्या उपग्रहानं टिपला. आमच्या उपग्रहावरचं यंत्र सतत गामा किरणं मोजतं. मोजणी अचानक किती वाढली की सूचना द्यायची, ती मर्यादा मी ठरवते. खोट्या सूचना फार येत, म्हणून डिसेंबरात मी ती वाढवली. हा अंधुक स्फोट तिच्याखालून निघून गेला. आमचे प्रमुख सर म्हणाले, उपग्रह अन् स्फोटामध्ये पृथ्वी आड आली होती, असं अहवालात लिही. पृथ्वी कुठेच आड नव्हती. मार्चनंतर मला ठेवायचं की नाही, ते त्यांच्या सहीवर आहे. तरी मी खरं तेच लिहून दिलं. रागावू नका, माया असू द्या.

तुमची सपना

इंझोरी, १७ फेब्रुवारी

चि. सपनाले जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र घेऊन रामरावकडे गेलो. तो म्हणे, मांडव टाकला, बुंदी झाली, आता गप राहा. मी हो म्हटलं. पण काल शाल हातात आली अन् जीभ रेटेना. मंग साऱ्यांपुढं तुझं पत्रच वाचलं. धनसिंग मास्तर उठले, म्हणे, आपली चूक लिहून देणारं माणूस गावात पह्यलंच. आता त सत्कार करावाच लागते. पत्राची नक्कल पंचायतीत लावू म्हणाले. रामराव म्हणे, नको, अशी सवय लागली त कारभार कसा चालन. नोकरीचं कळव, जीव टांगून हाये.

तुझा बाबा

बंगलोर, १२ मार्च

ति. बाबा व आईस सप्रेम जयभीम. वि. वि.

नोकरी राहिली. सरांनी आठवडाभर तोंड फिरवलं. मग वरून विचारणा झाली, मर्यादा दुरुस्त कोण करणार? चूक कुठे झाली हे लेखी सांगणारी मी एकटीच, म्हणून मलाच वर्षभर ठेवलं. मर्यादा खाली आणली, तर यंत्र दिवसातून तीसदा ओरडतं. परवाची एक सूचना मात्र खरी आहे, मी दोनदा तपासली. तो स्फोट दुसऱ्या कोणत्याच उपग्रहाला दिसला नाही, म्हणून इथे कोणी मानत नाही. विहारात इतक्यात सांगू नका. आईला सांगा, ती मानेल.

तुमची सपना