स्वप्नातली कचोरी

एकादशी, संध्याकाळ

मुलीनं शिकवलं होतं, दिवसा अधूनमधून तळहात पाहायचा अन् स्वतःला विचारायचं, हे स्वप्न तर नाही? मग कधीतरी स्वप्नातही विचारलं जातं अन् झोपेतच कळतं, हे स्वप्न आहे. मी भाकऱ्या थापतानाही विचारत होते. आज पहाटे जमलं. हाताला सहा बोटं दिसली, म्हणजे स्वप्नच. समोर गरम कचोरी होती. उपास आठवला, तरी खाल्ली.

मग उपास मोडला का? एरवी स्वप्नातलं कोण धरतं? पण मी तर जाणूनबुजून खाल्ली.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोट भरलं काय? नाही नं? मंग घोर काऊन करतं वं? कशी लागली थे सांग."

चांगली लागली, तेच तर टोचतं. म्हणून साबुदाणाही खाल्ला नाही. आज झोपेत पुन्हा दिसली तर हात आवरतो का, पाहते.