फलकावरचा एक शब्द

रत्नागिरी, गुरुवार, संध्याकाळ

रविवारच्या ‘शांतता आणि न्याय’ सभेसाठी सभागृह मिळेना. अगदी नाही म्हणाले नाहीत. विश्वस्त हसत बोलले, “शांतता असू दे हो, तेवढा ‘न्याय’ पुसा. उगाच कोणाला झोंबायला नको.” दारावर लावायला नेलेला फलक माझ्या हातात होता, रंग ओला. बोट फिरवले असते तर पुसला गेला असता. फिरवणार होते का मी?

परतताना मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या हसीनाला सांगितले. ती म्हणाली, “मग बंदरावर घ्या की, बाई. लिलाव आटपला की जागा मोकळी. वास तेवढा सोसायचा हां.”

घरी येऊन फलक पाहिला. ‘न्याय’ वाळला होता. सभागृहाचे नाव सुरीच्या पात्याने खरवडले. तिथे ‘बंदर’ लिहिले.