आमच्या ओट्यावरचा बब्रुवान

नळदुर्ग,
कार्तिक वद्य अष्टमी, फसली १३५४

प्रिय लक्ष्मी,

तुझ्या अक्काचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. एका पानात तीन कारणं बसवलीस: गुडघा धरलाय, म्हैस व्यायला झालीय आणि सासूबाईंना एकटं सोडवत नाही. म्हणून मार्गशीर्षात सिद्धम्माच्या लग्नाला यायचं जमेलसं दिसत नाही, म्हणतेस. एकच कारण लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. लहानपणी माहेरी, बेंबळीच्या दुकानातला गूळ चोरलास तेव्हाही तू आप्पांना तीन कारणं सांगितली होतीस, आणि तिन्ही सांगताना तोंडात गूळ होता. माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि तिची सख्खी मावशी म्हशीपाशी बसणार, हे मला सहन होणार नाही. तू नसलीस तर मी त्या मांडवात कुणाकडं बघून हसू आणि कुणाच्या गळ्यात पडून रडू? तेव्हा तुला आणायचंच, असं मी ठरवून बसले आहे.

पण कारणं सांगण्यात मी तुझी थोरली बहीण आहे, म्हणून आधी माझं ऐक. गेल्या वर्षी दिवाळीला तुम्ही सगळी इकडं यायला निघाला होता आणि मी घाईघाईनं कळवलं की आमच्याकडं घरभर खरूज झालीय, येऊ नका. तू बिचारीनं गंधकाचं मलम पाठवलंस आणि वर कडुनिंबाच्या पाल्याचं एक पोतं पाठवलंस. त्यातलं अर्धं पोतं अजून माळ्यावर आहे. लक्ष्मी, खरूज कुणालाच नव्हती. आमच्या ओट्यावर बब्रुवान बसला होता.

बब्रुवान म्हणजे धाराशिवच्या उत्तरेश्वर सावकाराचा तगाद्याचा माणूस. तू ही रीत ऐकून असशील, मला ती बघायची वेळ आली. कर्जदार पैसे द्यायचं टाळायला लागला की सावकार त्याच्या दारात माणूस बसवतो. तो शिवी देत नाही, अंगाला हात लावत नाही, नुसता बसतो. सोय होईपर्यंत त्याला दोन वेळा जेवायला मात्र घरधन्यानंच घालायचं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी सकाळी रांगोळी काढायला दार उघडलं, तर ओट्यावर हा. दाराएवढा उंच, पांढऱ्या मिशा, मांडीवर काठी, शेजारी तांब्या. कोण पाहिजे म्हणून विचारलं तर म्हणाला, "कुनी नगं, बाई. बसाय आलोय." मी काय ते समजले आणि रांगोळीचा डबा माझ्या हातून सुटला. त्यानं सांडलेली रांगोळी चिमटीचिमटीनं गोळा करून डब्यात भरून दिली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला.

आता कर्ज कशाचं, तेही सांगते. तुझे दाजी सुपारीसुद्धा खात नाहीत, तेव्हा दोष त्यांचा नाही. तू तेरला घर बांधलंस तेव्हा वास्तुशांतीला मी तांब्याचं घंगाळ दिलं. इथवर ठीक होतं. मग सिद्धम्मा दुखण्यातून उठली तेव्हा तू तिला चांदीची वाटी घेऊन आलीस, आणि माझं घंगाळ मला एकदम हलकं वाटायला लागलं. म्हणून तुझ्या थोरलीच्या लग्नात मी चांदीचं ताट, चांदीचा तांब्या आणि जावयाला सोन्याची अंगठी असा आहेर केला. तुझ्या सासरची माणसं ताट हातावर तोलून बघत होती आणि मी पदर सारखा करत उभी होते. ते सगळं सावकाराच्या तीनशे हाली रुपयांचं होतं. दाजी नको म्हणत होते. मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी ते उठून धाराशिवला गेले.

मग आमच्या कापडाच्या दुकानापुढं नवा ओटा बांधला, त्याच्या पूजेला तू भिंतीवरचं घड्याळ आणलंस. सोलापूरहून, लंबकाचं, आणि मोटार थांबते तिथून आमच्या दारापर्यंत हलगी लावून आणलंस. अर्धं नळदुर्ग मागं चालत आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तू मला मिठी मारलीस. ते पाणी आनंदाचं नव्हतं गं. आता याच्यावर काय द्यायचं, या काळजीचं होतं. घड्याळ अजून चालतं आहे. दुपारी चार वाजता अकरा ठोके देतं, पण देतं.

तोवर तीनशेचे व्याजासकट चारशे झाले होते आणि दाजींनी धाराशिवचं नाव घेणं सोडलं होतं. बब्रुवान बसल्यावर ते मागच्या परसातून ये-जा करू लागले. तिथं दार नाही, भिंत आहे. पंचेचाळीस वर्षांचा, रुमाल बांधणारा, दुकानदार माणूस रोज भिंतीवर चढून पलीकडं उतरायचा. तिसऱ्या दिवशी ते शेजाऱ्यांच्या उकिरड्यात पडले. आवाज ऐकून पहिला धावला तो बब्रुवान. त्यानं त्यांना उचललं, झाडलं, हाताला धरून पुढच्या दारानं आणून ओट्यावर बसवलं आणि स्वतः पुन्हा काठी मांडीवर घेतली. पैशाचं अवाक्षर काढलं नाही. मीही काही साधी नव्हते. कंटाळून जाईल म्हणून पहिले दोन दिवस मी त्याला शिळी भाकरी आणि पाण्यासारखी आमटी वाढली होती. ताट परत यायचं ते घासून ठेवल्यासारखं, आणि वर म्हणायचा, "लई ग्वाड हाय, बाई." असल्या आमटीचं कौतुक ऐकून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. उकिरड्याच्या दिवसापासून मी त्याला आमच्यासारखंच वाढायला लागले, कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी.

आता खरी गंमत ऐक. आपली अब्रू गेली, सगळ्या गल्लीला कळलं, असं धरून मी आठ दिवस विहिरीवर गेले नव्हते. नवव्या दिवशी शाळेचे मास्तर आले. बब्रुवानापासून चार हात लांबून, भिंतीला घासत आत शिरले आणि दाजींच्या पुढ्यात अकरा रुपये ठेवले. दोन धोतरजोड्या आणि एका कोटाचं कापड, दीड वर्षाची उधारी. म्हणाले, "शेठजी, माणूस बसवायच्या आधी एक शब्द टाकायचा व्हता की. आमी काय परके हाव का?" दाजी ते अकरा रुपये पुन्हा पुन्हा मोजत बसले. माझ्या मात्र आत बसल्याबसल्या लक्षात आलं. गल्लीला वाटत होतं की हा तगाद्याचा माणूस आम्हीच ठेवलाय, आमच्या उधाऱ्या वसूल करायला. दुकानाच्या ओट्यावर बसलेला माणूस दुकानदाराच्याच उरावर बसलाय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्यात बब्रुवानाला एक खोड होती. त्याचा स्वतःचा सदरा तीन ठिकाणी फाटलेला, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याचं कापड तो टक लावून न्याहाळायचा. ज्याच्या अंगावरचं धोतर अजून उधारीचं, त्याला ती नजर सोसेना. लोक वाट सोडून देवळामागून जायला लागले, आणि देवळामागून जाऊन जाऊन कंटाळले की पैसे आणून द्यायला लागले. गिरदावर साहेबांनी तर शेरवानीच्या कापडाचे पैसे शिपायाबरोबर पाठवले आणि तुमच्या माणसाला कचेरीकडं पाठवण्याची तसदी घेऊ नये, असा निरोपही दिला. दाजी इतके भिडस्त की उधारी मागायची म्हटलं की त्यांना खोकला लागायचा. त्यांनी आयुष्यात मागितले नाहीत तेवढे पैसे सव्वा महिन्यात न मागता आले. मोजले तर दोनशे साठ भरले.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर बब्रुवान रागावेल. तो म्हणाला की बसायचं काम आपलं, कोण कशाला भितो ते त्यानं त्याचं बघावं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला. "म्या तेहतीस दारांत बसलोय, बाई. पैसं नसत्यात म्हनून न्हाय धाडत मला. तोंड लपिवत्यात म्हनून धाडत्यात. शेटजीला म्हनावं, हायती तेवढं घ्या आन् सावकाराच्या म्होरं जाऊन बसा." दाजी एकटे जायला तयार होईनात, म्हणून मीही गेले. वाटेत दोनदा त्यांनी गाडी थांबवून परत फिरायची गोष्ट काढली. सावकारानं दोनशे साठ मोजून घेतले, राहिलेल्याचे महिन्याला वीस ठरवून दिले आणि व्याज तिथंच थांबवलं. दोन वर्षं ज्याच्या भीतीनं मी नीट जेवले नाही, तो एक म्हातारा दमेकरी माणूस निघाला. त्यानं आम्हाला चहा पाजला. परत येताना मी गाडीत इतकी रडले की गाडीवानाला वाटलं, कुणीतरी वारलं.

श्रावणात शेवटचे वीस गेले. बब्रुवान गेल्या मार्गशीर्षातच उठला होता. जाताना मी त्याला चटणीचा डबा दिला आणि दाजींनी एक कोरा सदरा दिला. तो घालून तो ओट्यावर जरा वेळ उगाच बसला. तेव्हापासून या बाजूला काम निघालं की जेवून जातो. सिद्धम्माच्या लग्नाला आम्ही एक पैसा उसना आणलेला नाही. गव्हाची गोड हुग्गी, कडक भाकरी, वांग्याची भाजी आणि एक हलगी, एवढंच लग्न आहे. व्याही भले आहेत, हो म्हणाले.

हे सगळं मी तुला वर्षभर सांगितलं नाही, कारण मी थोरली आहे आणि मला लाज वाटत होती. आज सांगते आहे त्याचं कारण असं. काल बब्रुवान आला. भाकरी पुढ्यात घेऊन बसला, पण खाईना. विचारलं तर म्हणाला, "दार कुनाचं ते सांगायची आमची रीत न्हाय, बाई. पर तेरला तेलघाण्यापाशी तुमची भैन ऱ्हाती न्हवं?" त्याला धाराशिवहून तेरला जायचं होतं. नळदुर्ग त्या वाटेवर नाही, हे तुलाही ठाऊक आहे. एवढी वाकडी वाट करून तो मला एवढं एक वाक्य सांगायला आला. किती रुपये, ते मी विचारलं नाही. कशाचे, ते विचारायची गरज नव्हती, ते आमच्या भिंतीवर ठोके देतं आहे. लक्ष्मी, हे पत्र तुला ज्यानं आणून दिलं आणि आत्ता जो तुझ्या ओट्यावर बसला आहे, तो बब्रुवानच. त्याला भिऊ नकोस. पाणीदार आमटी वाढू नकोस, त्याचा उपयोग होत नाही. सगळ्या तेरनं तुमच्या घाण्याचं तेल उधारीवर खाल्लं आहे, तेव्हा तो कुणासाठी बसलाय हे कुणाला सांगू नकोस, चार दिवस नुसता बसू दे. मग तुझ्या घरधन्यांना, शंकरप्पांना घेऊन सावकाराकडं जा. ते कचरले तर मला कळव, मी येते, मला आता त्या घरचा चहाही माहीत आहे. या शर्यतीत पहिला पाय मी टाकला होता, तुझ्या दारात हा माणूस माझ्यामुळं बसला आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण लग्नाला ये. येताना खणाचा तुकडासुद्धा आणू नकोस. मांडवात आहेर पुकारायला जो उभा राहणार आहे, त्याला मी सांगून ठेवलं आहे. आमच्या लक्ष्मीचं नाव आलं की मोठ्यानं एवढंच पुकार: मावशी आली.

तुझीच,
महादेवी अक्का