मंगळवारचं फाटक

२ नोव्हेंबर, रविवार
कणकुंबीला आलो एकदाचा! जंगलातल्या नव्या फळ्यांच्या वाटेचा व्यवस्थापक. उतार इतका अलगद की व्हीलचेअर थेट ओढ्यापर्यंत जाते. धाकटी बहीण दिपाली अपघातापासून खुर्चीत आहे, आता तिलाही रानातल्या पाण्यात पाय बुडवता येतील. याच आनंदात मी बेळगावची बरी नोकरी सोडली. राहायला फाटकाजवळची खोली, जेवण शेजारच्या नागुबाईंकडे. नाचणीची भाकरी आणि झुणका, क्या बात!

३ नोव्हेंबर
काल सुट्टीची गर्दी झाली आणि काय घाण करून गेली! ओढ्यात भरलेले डायपर, बिर्याणीची हाडं, गुटख्याच्या पुड्या, कठड्यावर पिचकाऱ्या. टोकलं तर एक साहेब म्हणाले, तिकीट काढलंय. अशांच्या हाती जंगल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पोती भरून सगळं उचललं.
संध्याकाळी नागुबाईंनी बजावलं, उद्या फाटक उघडू नका. गाव वार पाळतं तसा मंगळवार रानाचा. त्या दिवशी रान माणसांची घाण ठेवून घेत नाही. फाटक उघडणाऱ्याच्या पोटात घालतं. मी हसलो. वाट सगळ्यांसाठी, तर सगळ्या वारी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
उघडलं. माणसं भरपूर आली. संध्याकाळी पोतं घेऊन गेलो तर वाट लख्ख, एक पुडी नाही! माणसं सुधारली, असं नागुबाईंना ऐकवलंही. त्या माझ्या पोटाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "अण्णा, जेवान जातंय न्हवं?"

६ नोव्हेंबर
जेवण जात नाही. तोंडात गुटख्याची चव, आणि मी साधी सुपारी खात नाही. ढेकर येतो तो शिळ्या बिर्याणीचा. पोट टणक झालंय.

८ नोव्हेंबर
खोकलो तर पुडी पडली. ओली, लाल. दाढेमागून लांब केस ओढून काढला, कुणा बाईचा. शी! स्वतःच्याच तोंडाची किळस येते. खानापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, हे सगळं गिळलंत कशाला?
नागुबाई म्हणाल्या, "आता तरी मंगळवार पाळा. मागं एक ठेकेदार आलता, लई हुशार. त्यानंबी मंगळवारी फाटक उघडलं. त्याला जाळला तवा प्लॅस्टिकचा वास सुटलता."

१० नोव्हेंबर
वाट बांधणाऱ्या संस्थेच्या साहेबांना विनवलं, उद्या बंद ठेवू. ऐकत नाहीत. उद्या रीतसर उद्घाटन, पत्रकार, व्हीलचेअरवाल्यांची बस — तीत दिपाली. तिला फोन केला, येऊ नकोस. ती रडली. म्हणाली, दादा, सगळ्यांना उघडं आणि मलाच बंद? फाटकाला कुलूप घातलंय. किल्ली ओढ्यात —

११ नोव्हेंबर, मंगळवार
पहाटेपासून ओकतोय. डायपर — लिहवत नाही. उठता येत नाही.

बाहेर टाळ्या. साहेबांनी कुलूप तोडलं. पण फाटक ढकललं नाही. तो मान — दिपालीला —

खिडकीतून ओरडलो. आवाजाऐवजी नुसती पिशवी —

हसत गेली आत.

संध्याकाळ. वाट लख्ख. माझं पोट हलकं. पहिल्यांदा भूक लागली. देवा, भूक —

दिपाली खोलीत आलीय. पाय अजून ओले. इतकी खूश कधी पाहिली नव्हती. म्हणते, दादा, घशात काहीतरी अडकलंय, बघ ना.

प्लॅस्टिकचं टोक दिसतंय. ओढतोय. संपत नाही — अजून ओढ —